मंग नेलं का तिले?



गेल्या वर्षी आमच्या गावच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन झालं, पंगती बसल्या आणि मी वरणाची बादली घेऊन वाढत होते. एका तरुण टाळकऱ्यानं मला मध्येच थांबवलं. पोरगा माझ्याच हाताखालून शिकून गेलेला. म्हणाला, "बाई, तुम्ही जन्मभर शाळेत कविता शिकवल्या. फुलं, पाखरं, चांदणं, प्रेम. ज्ञानोबा-तुकोबा घरात असताना आपण ते कशाला वाचायचं? त्यात मोठं असं असते तरी काय?"

मी म्हटलं, "आधी वरण घे."

उत्तर नव्हतं असं नाही, पण ते लांबीचं होतं आणि पंगतीत लांबी चालत नाही. मागची माणसं पत्रावळी समोर घेऊन बसलेली असतात. म्हणून ते उत्तर इथं तुम्हांला सांगते. त्या पोराच्या घरी हे मासिक येतं, तोही वाचेलच.

तुमच्यापैकी पुष्कळांनी रेडिओवर 'चाफा' ऐकलं असेल. आवाज लता मंगेशकरांचा, चाल वसंत प्रभूंची. ते गाणं आपल्या वऱ्हाडातल्या एका कारकुनानं लिहिलं, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं. नारायण मुरलीधर गुप्ते त्यांचं नाव. जन्म १८७२चा, बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरचा. सरकारी कचेरीत वऱ्हाडातच कारकुनी केली आणि कविता 'बी' एवढ्या एका अक्षराच्या नावानं छापल्या. त्या काळी आपला वाशीम जिल्हा अकोल्यातच मोडत होता, म्हणजे या माणसाला आपण आपल्याच भागातला म्हणायला हरकत नाही. त्यांचा पहिला संग्रह १९३४ साली आला तेव्हा कवीचं वय बासष्ट होतं. त्याला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. संग्रहाचं नाव 'फुलांची ओंजळ', आणि खरोखरच ओंजळीत मावेल एवढंच ते लेखन. १९४७ साली ते गेले.

माझे बाबा गावच्या दिंडीचे विणेकरी. शाळा तिसरीपर्यंत. ज्ञानेश्वरी त्यांनी पारायणांतून पाठ केली होती आणि गाथेतला कुठलाही अभंग अर्ध्यावरून उचलून पुरा करत. शाळेतल्या कवितांवर त्यांचा एक ठरलेला आक्षेप होता. अभंगाच्या शेवटी संत आपलं नाव घालतो, म्हणजे बोललेल्या शब्दाची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो. "तुमच्या कवीचं नाव वर मथळ्यापाशी असते," ते म्हणत, "दुकानाच्या पाटीसारखं. माल खराब निघाला तं मालक आतून बाहेर येत नाही." मी डी.एड.ला असताना त्यांना सांगितलं की एक कवी असाही आहे जो नावच सांगत नाही, नुसतं 'बी' म्हणतो. त्यावर ते तूर निवडता निवडता थांबले आणि म्हणाले, "नाव लपवते म्हणजे खरं बोलला असंल."

आता हे कवी कोण, ते थोडक्यात सांगते. पुस्तकांत यांना रोमँटिक म्हणतात. इंग्लंडात १७९८ साली वर्ड्स्वर्थ आणि कोलरिज या दोघांनी एक लहानसं पुस्तक काढलं. साध्या माणसाच्या साध्या बोलीत, त्याच्या सुखदुःखाची कविता लिहायची असा त्यांचा निश्चय होता. राजेरजवाडे नकोत, देवदेवतांचे साज नकोत; भिकारी, धनगर, वेडी बाई, लहान मूल, हे चालतील. तो वारा आपल्याकडं इंग्रजी शाळांतून आला. मराठीत ती वाट केशवसुतांनी पाडली. एकोणचाळिसाव्या वर्षी, १९०५ साली, प्लेगनं हुबळीला गेलेला हा शिक्षक. त्यांच्यामागं रेव्हरंड टिळक, बी, गोविंदाग्रज, बालकवी अशी रांग लागली.

तुम्ही म्हणाल, यात नवं ते काय? साध्या माणसाची साधी बोली आमच्या संतांनी पाच-सहाशे वर्षं आधी घेतली. जनाबाईंनी जात्यावर घेतली, चोखोबांनी वेशीबाहेर घेतली. अगदी बरोबर. माझंही तेच म्हणणं आहे. रेव्हरंड टिळक तर स्वतःच सांगत की ख्रिस्ताकडं आपण तुकोबांच्या पुलावरून गेलो. आणि ते गेल्यावरही अभंगच लिहीत राहिले. तेव्हा ही माणसं आपल्या घरापासून फार लांबची नाहीत. फार तर शेजारच्या गल्लीतली.

पण त्यांनी एक गोष्ट केली, आणि ती सांगण्यासाठी मला लहान मुलांकडं यावं लागतं.

केशवसुतांनी १८८८ साली एक कविता लिहिली, 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न'. महाराचा मुलगा रस्त्यात खेळतो आहे, वरच्या जातीचा माणूस येतो, सावली पडू नये म्हणून त्याला हाकलतो. मुलगा घरी येऊन आईला विचारतो, असं का? हा प्रश्न नवा नाही. चोखोबांनी तो थेट पांडुरंगाला विचारला होता. केशवसुतांनी तो मुलाच्या तोंडी दिला. संत प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या मागं भक्तीचं बळ असतं, उत्तर नाही आलं तरी नाम असतं. मुलाच्या मागं काहीच नसतं. त्याला खरंच माहीत नसतं. त्याला उत्तर द्यायला आपण लागतो, आणि आपल्याकडं ते नसतं.

या कवींचं मोठेपण मी तिथं शोधते. त्यांनी रंगवलेली फुलं सुंदर आहेतच, पण फुलं कुणीही रंगवतं.

बींची एक कविता आहे, 'माझी कन्या'. जुन्या लोकांना ती पाठ असायची. तिची हकीकत सांगते. गरीब घरची मुलगी रडत घरी येते. श्रीमंतांच्या मुलींनी तिच्या कपड्यांवरून, अंगावर दागिना नाही यावरून तिला हिणवलेलं आहे. बाप तिची समजूत काढतो. दृष्टांत देतो: कमळ चिखलात असतं म्हणून त्याचं मोल कमी होतं का, रत्नाला धूळ लागली म्हणून ते हलकं होतं का. मग तिच्या रूपाचं, भाग्याचं कौतुक करतो. मग मखमलीचं पोलकं घेईन, मोत्याची कुडी घेईन असं कबूल करतो. शेवटी म्हणतो की असली गुणी लेकरं देव आमच्यासारख्या करंट्यांच्या पदरात का टाकतो, हे आता त्याच्या लांबच्या गावाला जाऊन त्यालाच विचारतो. गावाला जायचं एवढं कानावर पडताच पोरीचं रडं कुठल्या कुठं पळतं. ती बापाच्या गळ्यात हात टाकते आणि मला पण घेऊन चला म्हणते.

कविता तिथंच संपते.

खरं सांगायचं तर या कवितेचा मधला भाग मला लांबलेला वाटतो. उपमांवर उपमा चढतात. एके ठिकाणी दागिन्यांची हौस बाईच्या जातीला जन्मापासूनच असते असा सूर लागतो, तो मी वर्गात शिकवताना कधीच मान्य केला नाही. त्या मुलीला दागिना कुठं हवा होता? तिला चारचौघींत बसायचं होतं. मला हे ठामपणे सांगता येतं, कारण ती मुलगी मी होते.

१९७२चा दुष्काळ माझ्या वयाच्या माणसांच्या हाडात आहे. मी नऊ वर्षांची. माय आणि बाबा दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. घरात रेशनची लाल मिलो, तिची भाकरी तव्यावरच तडकायची. कापड घ्यायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या साली अक्षय तृतीयेला गावातल्या एका मोठ्या घरी बाहुला-बाहुलीचं लग्न होतं. मी माझी चिंध्यांची बाहुली घेऊन गेले. माझ्या फ्रॉकला पाठीवर बाबांच्या जुन्या धोतराचं ठिगळ होतं. मायनं टाके चांगले घातले होते, पण धोतराची किनार ठिगळात आली होती, ती लपेना. मुलींनी ती किनार बोटानं दाखवली. त्या काय म्हणाल्या ते लिहीत नाही. त्या आता आज्या झाल्या आहेत, त्यांतल्या दोघी माझ्यासोबत हरिपाठाला बसतात.

मी घरी आले आणि बाबांना विचारलं की आपल्याकडंच काहून नाही? एकदा विचारून थांबले असते तर निभलं असतं. मी रोज विचारू लागले. बाबा दृष्टांत देणारा माणूस, कीर्तनं ऐकून कान तयार झालेले. त्यांनी दोन-तीन सांगून पाहिले. सुदाम्याचे पोहे सांगितले. मी म्हटलं, मग सुदाम्याला महाल भेटला, आपल्याला कधी? शेवटी ज्येष्ठात दिंडी निघायची तयारी सुरू झाली. बाबा ओसरीवर पताकेची काठी तासत बसले होते. मी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "पंढरीले जातो तवा इचारतो त्याले."

मी म्हटलं, "मी बी येतो." (आमच्याकडं मुलीही 'येतो'च म्हणतात.)

त्यांनी मला नेलं नाही. नऊ वर्षांची पोर महिनाभर पायी कशी नेणार? मी वेशीपर्यंत गेले, मायनं हात धरून परत आणली.

आषाढी झाली, बाबा आले. चिरमुरे, बत्तासे, बुक्का, माझ्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या. मी बांगड्या घातल्या आणि विचारलं, "मंग काय म्हणला देव?"

बाबा म्हणाले, "गर्दी गंज होती."

एवढंच. मी पुन्हा कधी विचारलं नाही. लेकरं विचारायचं थांबतात तेव्हा घरातल्यांना वाटतं समजूत पटली.

पुढं अकरा वर्षांनी अध्यापक विद्यालयाच्या ग्रंथालयात 'फुलांची ओंजळ' हाती आली. पुस्तकाची पानं पिवळी, शिवण सुटलेली. मी 'माझी कन्या' वाचली आणि माझ्या अंगावर काटा आला. मलकापूरच्या कुणा कारकुनाला आमच्या ओसरीवरचं बोलणं ऐकू कसं गेलं, असंच वाटलं. मी जन्मायच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेलं. त्या रात्री मी ती वहीत उतरवून घेतली. बाबांना मात्र वाचून दाखवायचा धीर झाला नाही. चौदा वर्षं झाला नाही.

१९९८ साली, ज्या वर्षी १ जुलैला आपला वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी बाबांची वारी पहिल्यांदा चुकली. गुडघे गेले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिंडी निघाली तेव्हा वेशीपर्यंत त्यांनीच वीणा नेली आणि तिथं दुसऱ्याच्या गळ्यात घातली. परत येताना मी त्यांचा हात धरला होता. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच वेशीवरून माय मला परत आणत होती, हे माझ्या ध्यानात होतं. त्यांच्या होतं की नाही, कळलं नाही.

त्या संध्याकाळी ते ओसरीवर बसून राहिले. जेवले नाहीत. मी म्हटलं, काही वाचून दाखवू का? म्हणाले, "वाच." मी गाथा न आणता ती वही आणली.

कमळ आणि रत्नाचे दृष्टांत आले तेव्हा बाबा म्हणाले, "कीर्तनकार दिसते." मखमलीचं पोलकं आलं तेव्हा म्हणाले, "पैसे कुठून आणंल?" मी पुढं वाचत गेले. देवाच्या गावाला जायचं आलं, पोरीनं गळ्यात हात टाकले, कविता संपली. मी वही मिटली.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मंग नेलं का तिले?"

मी म्हटलं, "कविता एवढीच आहे, बाबा."

"पुढचं पान पाय ना."

मी पाहिलं. पुढच्या पानावर दुसरीच कविता होती. तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलं त्यानं."

माउली, मी पुढं कितीतरी वर्षं या कवितेवर शिकवलं, टिपणं काढली, निबंध तपासले. त्या दोन वाक्यांपुढं मला कधी जाता आलं नाही. आधी "मंग नेलं का?" आणि मग "बरं केलं."

पहिलं वाक्य बघा. मोठी कविता संपल्यावरही आपल्याला तिच्यातल्या माणसांची काळजी लागून राहते. त्या मुलीचं पुढं काय झालं हे विचारणारा माझा अडाणी बाप, तिच्यात कुठला अलंकार आहे हे विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकेपेक्षा शहाणा होता. प्रश्नपत्रिका मीच काढायची, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

आणि "बरं केलं"? यासाठी ते देवाचं गाव बघावं लागतं. बींनी पंढरपूर म्हटलेलं नाही. नुसतं लांबचं गाव. आपण वारकरी माणसं ते वाचतो आणि आपल्याला चंद्रभागा दिसते, कळस दिसतो. संतांनी त्या गावाला माहेर म्हणून ठेवलेलं आहे. पण मराठीत माणूस देवाघरी जातो म्हणजे कुठं जातो, तेही आपल्याला ठाऊक आहे. त्या बापाला कोणतं गाव म्हणायचं होतं? गरिबीनं पिचलेला बाप देवाला जाब विचारायला निघतो तेव्हा ते गाव दुसरंच असू शकतं. आणि पोर म्हणते, मला पण ने. ती बिचारी जत्रा समजली. पंढरपूर एका डोळ्याला दिसतं, मसणवटा दुसऱ्या डोळ्याला, आणि कवी दोहोंपैकी एकही डोळा झाकत नाही. त्यानं एक ओळ जास्त लिहिली असती तर एक डोळा फुटला असता.

वर्ड्स्वर्थच्या त्या १७९८च्या पुस्तकात अशीच एक मुलगी आहे. तिला कुणी वाटसरू विचारतो, तुम्ही भावंडं किती? ती सांगते, सात. त्यातली दोन गेलेली, घराजवळच पुरलेली. वाटसरू हिशेब समजावतो की मग तुम्ही पाच. ती ऐकत नाही. थडग्यांपाशी ती मोजे विणते, संध्याकाळी तिथंच बसून जेवते. तिच्या हिशेबी सातच. कवी तिला चूक म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही. वाटसरू दमतो आणि कविता संपते. मला वाटतं वर्ड्स्वर्थला आणि बींना एकच गोष्ट कळली होती: मुलाचं चुकीचं ऐकणं आपल्या बरोबर बोलण्यापेक्षा खोल जातं.

पण हेही आपल्याला नवीन नाही. इथून जवळच, सेनगावच्या पुढं, नामदेवरायांची नर्सी आहे. नामदेवांची ती गोष्ट आठवा. दामाशेटी गावाला गेलेले, आईनं पोराच्या हाती नैवेद्य दिला. पोराला वाटलं देव जेवतोच. मोठ्यांना माहीत असतं की नैवेद्य दाखवायचा असतो. पोरानं ते चुकीचं ऐकलं आणि देवाला जेवावं लागलं. बाप गावाला गेला होता म्हणून ते घडलं. बाप घरी असता तर त्यानं समजावून सांगितलं असतं आणि देव उपाशी राहिला असता.

असो. ओसरीवर परत येते.

"बरं केलं" म्हणून बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "त्या साली मी आत नाही गेल्तो."

मला आधी समजेना कुठल्या साली. ते सांगू लागले. दिंडी पोचली, चंद्रभागेत आंघोळ झाली, नामदेव पायरीशी डोकं टेकलं, कळसाकडं पाहिलं. दर्शनाच्या बारीत मात्र ते उभे राहिले नाहीत. बाकीचे गेले. हे सामानापाशी बसले. कुणाला सांगितलं नाही.

"काहून?" मी विचारलं.

"तुहा सवाल घेऊन गेल्तो ना."

"मग विचारायचा होता."

"इचारला असता. त्यानं उत्तर देल्लं असतं तं?" ते थांबले. "आन ते मले पटलं नसतं तं?"

गर्दी गंज होती हे खोटं नव्हतं. आषाढीला गर्दी असतेच. पण त्या मागं हा माणूस पंचवीस वर्षं काय घेऊन बसला होता, ते मला त्या दिवशी कळलं. त्याला देवापेक्षा उत्तराची भीती वाटली. पटलं नसतं तर वारी सुटली असती, आणि वारी सोडून त्याच्याकडं काय होतं? कोरडवाहू सहा एकर आणि धोतराची किनार. पण माझा प्रश्नही त्यानं टाकून दिला नाही. पायरीपर्यंत नेला आणि जसाच्या तसा परत आणला. त्याच्यासोबत बांगड्या आणल्या.

ही कविता नसती तर ते कधी बोलले नसते. गाथेतले हजारो अभंग त्यांना येत होते आणि त्यांतले कितीतरी देवाशी भांडणारे आहेत. पण भांडणाऱ्या अभंगाच्या शेवटी तुकोबा स्वतः येऊन उभे राहतात आणि आपण त्यांच्या आडोशाला जातो. बींच्या कवितेच्या शेवटी कुणी येत नाही. बापाला त्याच्या पोरीपाशी एकटं सोडून कवी निघून गेला. माझ्या बापालाही आडोसा उरला नाही, म्हणून तो बोलला.

त्या टाळकऱ्याला मी हे सांगेन. अभंग पायांसाठी आहे. मी निवृत्त झाल्यापासून चालते. चढ आला, ऊन आलं, तर बी उपयोगी पडत नाहीत, मी करून पाहिलं आहे. त्याला ताल नाही, मागून झेलणारे टाळकरी नाहीत. ही कविता एकट्यानं, दिंडी निघून गेल्यावर, ओसरीवर बसून वाचायची असते. आणि आपल्या घरांतून दर वर्षी जितकी माणसं दिंडीत जातात, तितकीच मागं राहतात: पेरणी सांभाळणाऱ्या बाया, म्हातारी, लेकरं.

बालकवींचा 'औदुंबर' पण असाच आहे, आठच ओळींचा. कारंज्याच्या दत्तभक्तांना वाटेल की औदुंबराखाली गुरुमहाराज दिसतील. तिथं कुणी नाही. टेकड्या, लहानसं गाव, पांढरी पायवाट, काळसर पाणी, आणि पाण्यात पाय सोडून ते झाडच बसलेलं. एवढंच. हा पोरगा वयाची अठ्ठावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, १९१८ साली, जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली गेला. ते झाड अजून कुणाची तरी वाट पाहत बसलंय असं मला दर वेळी वाटतं. पण वर्गात मी तसं सांगत नसे. तो माझा अर्थ.

आणि 'चाफा' राहिलाच. बाबांना ते गाणं कसंतरीच वाटे. "हा काहून रुसला?" म्हणत. नंतरच्या काळात एकदा रेडिओवर पुरं ऐकलं. शेवटी बोलणारा आणि चाफा असे दोन वेगळे उरतच नाहीत, तिथवर आले आणि म्हणाले, "रुसला नाही तो. भेट झाल्यावर कोण बोलते?" मी हे वाक्य पुढं वर्गात माझं म्हणून वापरलं. आज खरं नाव सांगून टाकते.

बाबा २००० साली गेले. त्यांची तुळशीची माळ माझ्या गळ्यात आहे. मी पहिल्यांदा वारी केली तेव्हा मनाशी ठरवलं होतं की त्यांच्या वाटणीचं मी विचारीन. बारीत सतरा तास उभी राहिले. पायांवर डोकं ठेवलं, मागून "चला माउली, पुढं चला" झालं, आणि बाहेर आल्यावर आठवलं की विचारायचं राहिलं.

आता शेगावच्या गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर करत रिसोडला येते तेव्हा मी तिच्यात मिळते. यंदा नात मागं लागली आहे. आठ वर्षांची आहे. तिचे कपडे बरे आहेत, तिला कुणाचा जाब विचारायचा नाही. तिला फक्त गावाला जायचं आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेवढ्यात रिसोडपासून नर्सीपर्यंत तिला चालवता येईल, पुढं तिची माय येऊन घेऊन जाईल. मी हो म्हटलं आहे. बूट घ्यायचे राहिलेत. तिच्या पायाच्या मापाचे रिसोडला मिळाले नाहीत, वाशीमला बघायचे आहेत.